न पाहिलेल्या रॉक कॉन्सर्टची रुखरुख: हिशेब कसा मांडायचा

आधी यादी करा, आणि ती कागदावर करा. मोबाइलमधली यादी वाढतच जाते. कागद संपत आला की माणूस विचार करायला लागतो. माझी यादी आरक्षणाच्या बाद झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर आहे. सोलापूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीमागं नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळं जगातला कुठलाही प्रश्न मला 'कुठून, कुठं, कोणत्या तारखेला आणि बर्थ आहे का' असाच पडतो. न पाहिलेल्या कॉन्सर्टच्या रुखरुखीलाही मी हीच रीत लावते आणि ती बरी चालते.

कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात ते कॉन्सर्ट, जे काहीही केलं असतं तरी बघता आले नसते. दुसऱ्यात ते, जे एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर झाले, तुम्हाला माहीत होते आणि तरी जाणं झालं नाही. तिसऱ्यात ते, जे अजून व्हायचेत.

बहुतेक लोक हे तिन्ही एकाच पोत्यात भरतात. चाळिशी ओलांडलेले दोघं बसले की सुरू होतं: बीटल्स राहिले, रोलिंग स्टोन्स राहिले, कोल्डप्लेचं तिकीट मिळालं नाही. अहो, बीटल्स राहिले याचं दुःख आणि कोल्डप्ले राहिलं याचं दुःख एका तराजूत कसं बसेल? एकावर इलाज ऐकण्याचा आहे, दुसऱ्यावर गाडी पकडण्याचा.

पहिला रकाना: जे हातात नव्हतंच

प्रत्येक नावापुढं एकच प्रश्न विचारायचा: तिकीट माझ्या हातात पडायची काही तरी वाट होती का? मी १९७३ ची. बीटल्सच्या दौऱ्यांचा शेवटचा कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाला. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स सप्टेंबर १९७० मध्ये गेला. ड्रमर जॉन बॉनम १९८० च्या सप्टेंबरात गेला आणि त्याचा बँड लेड झेपेलिन थांबला, तेव्हा मी बाराखडी गिरवत होते. १९७२ मध्ये झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर स्टुडिओत रेकॉर्डिंग करून गेले, पण बँडचा जाहीर कार्यक्रम भारतात कधी झालाच नाही. क्वीनचंही तेच. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पियानोवर बसला, पोरांचा बँड काढला. पण त्याचं क्वीन घेऊन तो इकडं गायला काही आला नाही. पाचगणीला सहल गेली की हे आठवून मला चुटपुट लागते. कागदावर मात्र ते पहिल्याच रकान्यात.

या रकान्यातल्या नावांभोवती जी आरती फिरते, ती आधी थांबवा. म्हणजे त्या रात्री खरोखर काय झालं ते वाचा. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर पंचावन्न हजारांवर माणसं होती आणि त्यांच्या किंकाळ्यांत कुणालाच धड ऐकू येत नव्हतं. वाजवणाऱ्या चौघांनाही नाही. तिथं असतो तर आपण गाणी ऐकली असती असं समजू नका. आपण आरडाओरडा ऐकला असता, आणि बहुतेक केलाही असता.

वुडस्टॉकचं तर आणखी मजेशीर. १९६९ चा तो अमेरिकेतला संगीताचा मेळा शुक्रवारी सुरू झाला, रविवारी संपायचा होता, पण पाऊस आणि गोंधळात इतका लांबला की हेंड्रिक्स मंचावर आला तो सोमवारी, १८ ऑगस्टच्या सकाळी. चार लाखांतली बहुतेक माणसं तोवर घराकडं निघून गेली होती. सोमवारची ड्यूटी तिकडंही चुकत नाही म्हणायची. म्हणजे वुडस्टॉकला प्रत्यक्ष जाऊनही हेंड्रिक्स न पाहिलेले लोक लाखांनी आहेत. त्यांची रुखरुख आपल्यापेक्षा मोठी की लहान, हे तुम्हीच ठरवा.

आणि 'मी होतो तिथं' म्हणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते काही डझन. पुढं त्या रात्रीची इतकी महती झाली की 'मी होतो' म्हणणाऱ्यांना उभं करायला आपलं पार्क स्टेडियम लागेल.

एवढं झालं की या रकान्याचं दुःख बऱ्यापैकी उतरतं आणि कुतूहल उरतं. कुतूहलावर इलाज आहे.

एक कॉन्सर्ट घरी कसा ऐकायचा

गाणं नव्हे, कॉन्सर्ट. हा फरक पाळला नाही तर पुढचं सगळं वाया. एक संध्याकाळ धरा, एकच कार्यक्रम निवडा आणि पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत, मधलं काही न वगळता, सलग ऐका. तारा जुळवणं, गायकाचं पाणी पिणं, फसलेला विनोद, कंटाळवाणं लांबलेलं एखादं गाणं, सगळं. कंटाळा हा कॉन्सर्टचा भाग आहे. नुसती आवडीची चार गाणी वेचून खाल्ली की ती कॅसेटच झाली.

रेकॉर्डिंग कुठलं निवडायचं यावर माझं मत ठाम आहे. लाइव्ह रेकॉर्डिंग ढोबळमानानं दोन जातींची असतात. एक मिक्सरवरून थेट घेतलेलं, त्याला साउंडबोर्ड म्हणतात. दुसरं गर्दीत माइक धरून केलेलं. साउंडबोर्ड स्वच्छ असतं, पण त्यात सभागृह नसतं. शिवाय लहान हॉलमध्ये गिटारचा अँप (आवाज वाढवणारा डबा) मंचावरच इतका मोठ्यानं वाजतो की तो मिक्सरमधून फारसा द्यावा लागत नाही. मग त्या रेकॉर्डिंगमध्ये गायक कानाशी आणि गिटार शेजारच्या गल्लीत अशी गत होते. गर्दीतल्या रेकॉर्डिंगमध्ये खोकला असतो, शिट्ट्या असतात, कुणीतरी मित्राला हाका मारत असतो. ज्याला गाणी हवीत त्यानं पहिलं घ्यावं. ज्याला न जाण्याची रुखरुख आहे त्यानं दुसरंच घ्यावं, कारण आपण हुकवली ती गर्दी.

याचा सगळ्यात मोठा साठा ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा. त्यांनी लोकांना कार्यक्रम टेप करू दिले, १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. ती हजारो रेकॉर्डिंग आज इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ऐकता येतात. सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठ. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत २०११ मध्ये त्याची नोंद केली आहे. मला स्वतःला हा बँड निम्म्या वेळा झोप आणतो, पण ती झोपही छान असते.

पिंक फ्लॉइडची रुखरुख असणाऱ्यांनी त्यांचं पाँपेईचं चित्रीकरण बघावं. ऑक्टोबर १९७१, इटलीतलं दोन हजार वर्षांपूर्वीचं दगडी रंगमंडल, कॅमेरावाले आणि बँड. प्रेक्षक बोलावलेच नव्हते. त्या कार्यक्रमाला आपण गेलो नाही, पण कुणीच गेलं नाही. रुखरुखीला इतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आता खोली. सोलापुरातल्या आपल्या जुन्या घरांत खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंती उघड्या. टाळी वाजवली तर खण्ण आवाज येतो. अशा खोलीत महागडा स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं घ्या, कानाच्या उंचीवर ठेवा, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समान बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे. खाली सतरंजी. तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा. जाड सुताची, जुनी, धुऊन मऊ पडलेली उत्तम. झांजेचा कर्कशपणा आणि खोलीचा घुमारा तिच्यानं कमी होतो. बासवर, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजावर, मात्र चादरीचा काही परिणाम नाही. बास शेजाऱ्यांकडं जाणारच. रात्री दहानंतर हेडफोन. डीजेच्या मिरवणुका सोसणाऱ्या गावात आपण आणखी भर घालू नये.

हेडफोनवर जोर किती? ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आमच्या पूर्व भागात पॉवरलूमच्या शेडमध्ये जन्म काढलेली माणसं आहेत. त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि ती टीव्ही केवढ्यानं लावतात हे गल्लीला माहीत असतं. त्यांच्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. आपण हौसेनं कान घालवू नयेत.

दुसरा रकाना: एका रात्रीच्या गाडीवर

हा खरा दुखरा रकाना. सोलापूरचं नशीब असं विचित्र की मोठा बँड आपल्या गावात येणार नाही, पण येईल तिथं आपली गाडी जाते. मुंबईला सिद्धेश्वर, बेंगळुरूला उद्यान, हैदराबाद तर तीनशे किलोमीटरवर. त्यामुळं 'लांब होतं' ही सबब आपल्याला मिळत नाही. यादी वाचली तरी जीव जातो. १९९५ ला डीप पर्पल मुंबईत. २००२ च्या एप्रिलमध्ये रॉजर वॉटर्स बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. २००५ च्या मार्चमध्ये मार्क नॉफ्लर, मुंबई आणि बेंगळुरू. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात, परत बेंगळुरू. दुसऱ्या वर्षी १ फेब्रुवारीला तेच मेडन मुंबईत. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका, पुन्हा पॅलेस ग्राउंड्स. खिडकीतून फॉर्म आत सरकवणारी पोरं काळे टी-शर्ट घालून यायची. बेंगळुरूच्या एका ठरावीक तारखेला एकाच वयाची इतकी पोरं निघाली की बोर्ड न बघताही कळायचं, कोणी तरी आलंय.

माझं या रकान्यातलं ठळक नाव रोलिंग स्टोन्स. ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, मुंबई, वार सोमवार. आणि स्टोन्समधेही मला गायक मिक जॅगर नको होता, मला ड्रमर चार्ली वॉट्स हवा होता. लहानपणापासून गणपतीत लेझीमचा ताफा आला की सगळे लेझीम बघायचे, मी हलगीवाल्याचा हात बघायची. तीच खोड पुढं ड्रमरवर गेली. चार्ली मूळचा जॅझचा माणूस. एवढ्या अवाढव्य मंचावर त्याचा ड्रमसेट लहानसा, पाठ ताठ, चेहऱ्यावर बँकेत पासबुक भरायला आल्यासारखा भाव. आणि एक खासियत: स्नेअरवर (समोरच्या खणखणीत ड्रमवर) ठोका मारताना त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांवरून) उचललेला असतो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, हा जागा सोडतो. एकदा दिसलं की नंतर तेच दिसत राहतं.

मुलगी तेव्हा रांगत होती. घरात सासूबाईंचं दुखणं, ड्यूटीचा चार्ट लागलेला, आणि 'बाई रात्रीच्या गाडीनं मुंबईला जाते, कशाला, तर ढोल बघायला' हे वाक्य उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. चार्ली २४ ऑगस्ट २०२१ ला गेला. म्हणजे हे नाव आता तिसऱ्या रकान्यात कधीच सरकणार नाही.

तर दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढं हे करा.

न जाण्याचं कारण लिहा, पण त्या दिवसाचं लिहा. पैसे किती होते, घरात कोण आजारी होतं, परीक्षा कुठली, परवानगी कुणाकडं मागायची होती. 'हिंमत केली नाही' असलं गोल वाक्य नको. गोल वाक्यानं माणूस आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसतो. नेमकं लिहिलं की बरेचदा दिसतं, त्या परिस्थितीत आजही आपण तेच केलं असतं. मी तरी केलं असतं, पोर टाकून गेले नसते. म्हणून रुखरुख जात नाही, पण तिच्याशेजारी आपण उगाच बसवलेला गुन्हेगार उठून जातो. मला विचाराल तर एवढं झालं तरी पुष्कळ.

मग त्या तारखेच्या सगळ्यात जवळचं रेकॉर्डिंग शोधा. त्याच दौऱ्यातलं, तीच माणसं, जमल्यास त्याच महिन्यांतलं. दौऱ्यात गाण्यांचा क्रम थोडाफार बदलतो, पण बँडचा हात त्या दिवसांत कसा चालला होता ते कळतं. स्टोन्सचा जानेवारी २००३ चा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम चित्रित झालेला आहे. मुंबईच्या आधी तीन महिन्यांच्या आतला. मी तो बघते तेव्हा जॅगर पळत असतो त्या बाजूला बघतच नाही. कोणत्या गावात कुठली गाणी झाली याच्या याद्या सेटलिस्ट डॉट एफएमवर मिळतात. लोकांनी भरलेल्या आहेत, तेव्हा डोळे मिटून विश्वास नको, पण अंदाज येतो.

त्याहून महत्त्वाचं: जाऊन आलेला माणूस गाठा. मात्र त्याला 'कसं होतं?' असं विचारू नका. तो 'भन्नाट' म्हणेल आणि तुमची रुखरुख दुप्पट होईल. असं विचारा: उभा कुठं होतास? समोर काय आडवं येत होतं? पायात काय होतं? पाणी मिळालं का? पहिला आवाज कशाचा आला? लघवीला कधी गेलास आणि तेवढ्यात कुठलं गाणं हुकलं? परत कसा आलास? आमचे एक टीसी ब्रेबॉर्नला गेले होते. त्यांना मी हे सगळं विचारलं. चार्ली त्यांना बहुतेक वेळ पडद्यावरच दिसला, प्रत्यक्षात मंचावर एक ठिपका. पुढं उभ्या माणसानं पोराला खांद्यावर घेतलेलं. त्यांच्या आठवणीत सगळ्यात पक्कं काय बसलंय, तर संपल्यावर चर्चगेटपर्यंतची चाल आणि तहान. ''ताई, आवाज छातीत लागतो बघा, कानात नाही,'' एवढं एक वाक्य त्यांनी दिलं. ते मी कागदावर उतरवून ठेवलंय, कारण ते कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये नाही.

कधी कधी माणसाची नव्हे, जागेची रुखरुख असते. माझ्या यादीत मुंबईचं रंगभवन आहे. धोबी तलावाजवळचं उघडं नाट्यगृह, सीएसएमटीहून चालत जाण्यासारखं. मार्च १९८० मध्ये द पोलिस हा बँड तिथं वाजवून गेला, आणि तो कार्यक्रम ठेवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या सेवाभावी संस्थेनं! १९८६ पासून तिथं इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा मेळा भरायचा, देशभरातले बँड यायचे. आजूबाजूला रुग्णालयं, त्यामुळं शांतता क्षेत्र ठरलं आणि तिथला मोठा आवाज बंद झाला. सिद्धेश्वरनं सकाळी मुंबईत उतरलात आणि हातात तास असेल तर बाहेरून बघून या. आत काही नाही, पण अंतर कळतं: एवढंच होतं की, स्टेशनपासून.

परदेशी नावांत इतके गुंतू नका की आपली माणसं राहतील. इंडियन ओशनमधला असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचा. तो २५ डिसेंबर २००९ ला गेला. हा बँड देशभर हिंडायचा, त्याला व्हिसा नको की हजारो रुपयांचं तिकीट नको. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी मेडन-मेटॅलिकाची वाट बघताना असीम घालवला. त्या बँडची आजची माणसंही ऐकण्यासारखी आहेत, त्यांना तिसऱ्या रकान्यात टाका.

काय करू नका तेही सांगते. ज्या दौऱ्याला गेला नाहीत त्याच्या तारखांचा टी-शर्ट विकत घेऊ नका. कुणीतरी विचारतंच, आणि मग खोटं बोलावं लागतं. जुनी पोस्टरं, सह्या, फाटकी तिकिटं हजारो रुपयांना घेऊ नका, त्यात बनावट माल फार. नक्कल करणाऱ्या बँडचा कार्यक्रम मात्र जरूर ऐका. तो 'तो' बँड नसतो हे खरं, पण छातीत लागणारा आवाज तिथं मिळतो आणि तो मोबाइलमध्ये मिळत नाही.

तिसरा रकाना: गाडी अजून सुटलेली नाही

इथं जन्मसाल लिहा. क्रूर वाटेल, पण जॅगर १९४३ चा आहे आणि आपण पुढच्या खेपेला बघू म्हणतो. सत्तरीपुढची नावं वर घ्या. तरुण बँडही थांबतातच असं नाही. पण प्राधान्य वयाला.

मग प्रवास. हा माझा प्रांत, म्हणून इथं जरा रेंगाळते. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं बहुतेक वेळा त्याच्याही आधी विकली जातात. म्हणून कॉन्सर्टचं तिकीट हातात आलं की लगेच कॅलेंडरवर साठ दिवस मागं मोजून खूण करा आणि त्या सकाळी गाडीचं तिकीट काढा. तत्काळच्या भरवशावर राहू नका; त्याच कार्यक्रमाला जाणारे तुमच्यासारखे आणखी आहेत. कार्यक्रम साठ दिवसांच्या आतच जाहीर झाला तर उलटं करा: आधी गाडी, मग तिकीट. कन्फर्म रेल्वे तिकीट पुष्कळ आधी रद्द केलं तर थोडेच पैसे जातात. कॉन्सर्टचं तिकीट सहसा परत घेत नाहीत.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला जायचं असेल, म्हणजे यू-टू डिसेंबर २०१९ मध्ये आणि कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये जिथं झालं तिथं, तर सिद्धेश्वरनं सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. ठाण्याला उतरा आणि ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल धरा, ती नेरूळला जाते. महालक्ष्मी रेसकोर्सचा कार्यक्रम असेल तर दादर बरं. सकाळी पोचलात तर दिवसभर उन्हात मैदानाबाहेर बसण्यापेक्षा कुणा नातेवाइकाकडं आंघोळ आणि झोप काढा. आपल्याकडं मुंबईत कुणी ना कुणी असतंच.

परतीची चूक सगळे करतात. उघड्यावरचा कार्यक्रम रात्री दहाला संपवावा लागतो, सिद्धेश्वर साडेदहानंतर सुटते, म्हणजे जमेल असं कागदावर वाटतं. जमत नाही. हजारो माणसं एकाच फाटकातून निघतात. ही गाडी गाठायची म्हणजे शेवटची तीन गाणी सोडून पळायचं, आणि शेवटची तीन गाणी सोडायची तर मग घरीच चादर टांगली असती की. रात्र तिथंच काढा. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत घ्या, रात्री उशिरा सोलापुरात. नाहीतर सकाळी पुण्याला येऊन संध्याकाळची हुतात्मा. वंदे भारतला आठवड्यात सुट्टी असते, तो वार बघून घ्या.

सोबत कानात घालायचे फोमचे बोळे न्या. मेडिकलमध्ये मिळतात, फार पैसे पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली, तरी तेवढंही दोन तास उघड्या कानानं घ्यायचं नाही. बोळे घालून शब्द कधी कधी उलट स्पष्ट ऐकू येतात. गुडघे दुखत असतील तर उभ्याचं तिकीट काढून शौर्य दाखवू नका. कडक भाकरी आणि शेंगा चटणी गाडीत संपवा, फाटकावर काढून ठेवायला लावतात.

सोलापूरही या रकान्यात लिहा. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवणारी पोरं आहेत, लूमच्या बंद गाळ्यात सराव करणारी आहेत. त्यांच्यातला ड्रमर कधी कधी लेझीमच्या ताफ्यातून आलेला असतो आणि त्याचा हात बघण्यासारखा असतो. तिकीट नसतं, किंवा असलं तर चहा-वड्याच्या पैशांत येतं. त्यांना 'जुनी गाणी वाजवा' अशी फर्माईश करू नका, त्यांचं त्यांना वाजवू द्या.

राहिला एक प्रश्न, तो मला खिडकीबाहेरची काळ्या टी-शर्टवाली पोरं आता पोटं सुटल्यावर विचारतात: तरुणपणी हुकलेला बँड म्हातारपणी बघावा का? गन्स अँड रोझेस २०१२ च्या डिसेंबरात येऊन गेले आणि पुन्हा मे २०२५ मध्ये मुंबईत आले. दुसऱ्या खेपेला गायक अ‍ॅक्सल रोझ साठी ओलांडलेला आणि गिटारवाला स्लॅश परत त्याच्या शेजारी, जो २०१२ ला नव्हता. म्हणजे बारा वर्षांहून जास्त थांबलेल्याला जास्त पूर्ण बँड मिळाला. गायकाचा आवाज वयाप्रमाणं खाली येतो, वेग मंदावतो, हे धरूनच जा. दुसऱ्या रकान्यातलं नाव त्यानं खोडलं जाईल असं मात्र समजू नका. २०१२ चा तो बँड दुसऱ्या रकान्यातच राहतो, आणि २०२५ चा तिसऱ्यातून कमी होतो. दोन वेगळ्या नोंदी.

आणि कार्यक्रम रद्द झाला तर? होतो. २८ ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम लोक मैदानात जमल्यावर बारगळला. दोन दिवसांनी बेंगळुरूचा व्यवस्थित झाला. तेव्हा कॉन्सर्टचं तिकीट आणि पैसे भरल्याचा मेसेज पैसे परत येईपर्यंत पुसू नका. बातमी गाडी सुटायच्या आधी कळली तर चार्ट लागण्यापूर्वी तिकीट रद्द करा, नंतर काही हाती लागत नाही. वेटिंगवाल्याला तुमचा बर्थ मिळेल. आमच्या खिडकीवर तो सकाळपासून तीनदा विचारून गेलेला असतो.